एर्नेस्टीनच्या नावावरचं अंडं

व्हॅल्मा नीच्के हेवेखोर बाई आहे असं द्राक्षबागांच्या स्टाइनबाख गावात कुणीच म्हटलं नसतं. शेजारणीचे गुलाब आपल्यापेक्षा चांगले फुलले तर ती सगळ्यांच्या आधी कुंपणापाशी जाऊन वाखाणणी करायची. ज्या वर्षी द्राक्षं जास्त झाली म्हणून सरकार वेली उपटून टाकायला पैसे देत होतं आणि तिच्या नवऱ्याने, क्लेमने, निम्मी द्राक्षबाग ट्रॅक्टर लावून उपटली, त्याच वर्षी दिराची द्राक्षं मात्र वायनरीने हसत हसत उचलली. तरी तिने दिराच्या घरी केक पाठवला, वरचा लोणी-साखरेचा चुरा नेहमीपेक्षा जाड घालून. तिच्या मनात हेवा होता तो सगळाच्या सगळा एका माणसाच्या वाट्याला जायचा. ते माणूस म्हणजे तिची भावजय, कोरली.

कोरली पोर्ट पिरी या बंदराच्या गावची. तिचा बाप जुन्या सोफ्यांना नि खुर्च्यांना नवं कापड चढवून द्यायचा. ती एका हंगामात मैत्रिणीबरोबर द्राक्षं तोडायला आली. हंगाम संपला, मैत्रीण गेली, कोरली राहिली. व्हॅल्माचा भाऊ डड्ली तेव्हा चाळिशीला टेकलेला, बायकांशी बोलताना टोपी काढून तिची कड चुरगाळणारा. त्याने हिला कधी नि कोणत्या शब्दांत विचारलं हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. लग्न झालं आणि कोरली व्हॅल्माच्या आईच्या, एल्साच्या, घरात, म्हणजे व्हॅल्माच्या माहेरात, नांदायला आली.

"आयत्या बिळावर नागोबा," व्हॅल्मा तेव्हा क्लेमला म्हणाली होती.

"बिळात तुझी आई आहे नि तुझा भाऊ आहे," क्लेम म्हणाला. "नागोबालाच विचार, सुखात आहे का."

माहेर ओढ्याच्या पलीकडेच. व्हॅल्माच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईच्या धुराड्याचा धूर दिसायचा. पूर्वी तो धूर बघून तिला बरं वाटायचं. आई उठली, चूल पेटली. आता तो धूर कोरलीचा होता. कोरली एल्साला 'आई' म्हणायची. पावाचा डबा तिने उजवीकडून डावीकडे नेला होता. आणि एल्सा, जी आयुष्यभर चर्चच्या बाकासारखी ताठ नि गप्प बसत आली, ती कोरलीच्या विनोदांना हसायची. पदार्थ करपला तरी कोरलीला विनोद सुचायचा, आणि आई हसायची. व्हॅल्माच्या हातून कधी काही करपलं नव्हतं, त्यामुळे तिच्यावर कधी कुणी हसलंही नव्हतं.

पण वर्षातून एक काळ असा यायचा की तेव्हा कोरलीचं काही चालायचं नाही. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. तेव्हा एल्साच्या स्वयंपाकघरातलं मोठं टेबल रिकामं व्हायचं आणि त्यावर अंड्यांचं काम मांडलं जायचं.

ही कापड चढवलेली अंडी एल्साच्या घराण्याची. म्हणजे खरं तर तिच्या आजीची, एर्नेस्टीनची. एर्नेस्टीन जहाजातून आली तेव्हा तिच्या पेटीत मायदेशातली अशी अंडी होती, जुन्या झग्यांच्या तुकड्यांनी मढवलेली, पिवळट पडलेली. एल्सा लहान असताना ती पेटी कोठारात ठेवली गेली आणि उंदरांनी सगळ्याचा भुगा केला. एल्सा आठ दिवस रडत होती म्हणे. मोठी झाल्यावर तिने स्वतः तशी अंडी करायला घेतली. पण नव्या कापडाची, कोरी करकरीत अंडी तिला बघवेनात. तिला आजीची हवी होती. म्हणून ती नव्याला जुनं करायला शिकली. बदकाचं अंडं दोन्ही टोकांना टोचून फुंकून रिकामं करायचं. कापडाच्या लांबट कळ्या कापायच्या, दोन्हीकडे निमुळत्या, आणि खळ लावून त्या एकीला एक भिडवून चिकटवायच्या, एकही चुणी न येऊ देता. सांध्यांवर बारीक लेस. मग कडक काळ्या चहात भिजवलेलं फडकं फिरवायचं. वाळल्यावर बुटाचं तपकिरी पॉलिश नि मधमाश्यांचं मेण एकत्र करून चोळायचं आणि लगेच पुसायचं, म्हणजे विणीच्या फटींत तेवढा काळपटपणा राहतो. शेवटी सुताराचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फुगीर भागावरून फिरवायचा, की शंभर वर्षं कुणीतरी हातात घेऊन झिजवल्यासारखं दिसतं.

दर वर्षी ही अंडी चर्चच्या हॉलमध्ये बदामाच्या वाळक्या फांदीवर टांगली जात. गावच्या प्रत्येक घराचं त्या फांदीवर काही ना काही होतं. कुणाच्या लग्नाच्या झग्याचा काठ, कुणाच्या आजोबांच्या सदऱ्याची बाही.

व्हॅल्मा वयाच्या विसाव्या वर्षापासून आईच्या शेजारी बसत आली. अंडी फुंकायची ती व्हॅल्माने. खळ शिजवायची ती व्हॅल्माने, चहाचा डाग द्यायचा तो व्हॅल्माने. पण कात्री आईची आणि शेवटचा हात आईचा. व्हॅल्माची काही तक्रार नव्हती. कधीतरी आई थकेल, मग कात्री आपल्याकडे येईल, यात विचारण्यासारखं काय होतं?

आणि आई थकली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला, बोटं थरथरू लागली. त्या वर्षी राखेच्या बुधवारनंतर, त्या चाळीस दिवसांच्या सुरुवातीला, टेबल मांडलं तेव्हा एल्साने कात्री हातात घेतली, जुन्या पडद्याच्या कापडावर धरली आणि खाली ठेवली.

"नाही जमत," ती म्हणाली. "कोरली, ये इकडे. तू काप."

कोरली मोरीपाशी बटाटे सोलत होती. "मी? आई, मी तर कापलं की जहाजाची शिडं होतील."

"तुझ्या बापाच्या दुकानात तू सोळा वर्षं कापड कापलंयस. ये."

व्हॅल्मा तोंडाला अंडं लावून फुंकत होती. तिने ते बाजूला केलं. "आई, मी आहे ना इथे."

"दिसतंय मला, डोळे अजून पुरते गेले नाहीत," एल्सा म्हणाली. मग, वाईट न वाटू देण्याचा जराही प्रयत्न न करता, "तुझा हात जड आहे, व्हॅल्मा. पहिल्यापासून जड आहे. फुंकायला तू बरी."

कोरलीने हात पुसले, कात्री घेतली आणि कापड उरेब धरलं. एल्साने आयुष्यात कधी कापड तिरकं धरलं नव्हतं. उरेब कापलेली कळी अंड्याच्या पोटावर बसली ती अशी, की जणू अंडं कापड नेसूनच जन्माला आलं. एल्साने त्यावरून अंगठा फिरवला. सांधा लागेना. तिने पुन्हा फिरवला.

"बघितलंस?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते स्पष्ट नव्हतं, पण व्हॅल्माला वाटलं, आपल्यालाच.

घरी आल्यावर व्हॅल्माने क्लेमच्या पुढ्यात ताट इतक्या जोरात ठेवलं की शेपूत मुरवलेल्या काकड्यांचं पाणी टेबलावर सांडलं.

"काय झालं?"

"काही नाही. माझा हात जड आहे."

क्लेमने सांडलेल्या पाण्याकडे बघितलं आणि शहाण्यासारखं फडकं आणून ते पुसलं.

त्यानंतर ती रोज तिकडे जायची आणि रोज जळून यायची. कोरलीच्या हातून अंड्यांमागून अंडी उतरत होती. कोरली काम करताना गुणगुणायची, मध्येच म्हणायची, "व्हॅल, खळ काय सुरेख झालीय ग तुझी!" व्हॅल्माला ते कौतुक मोलकरणीला दिलेल्या जुन्या कोटासारखं वाटायचं. "पिठाला पाणी घातलं की खळच होते," ती म्हणायची. किंवा, "पोर्ट पिरीला खळ नसते का?" कोरली हसायची. टोमणा लागला की नाही तेही कळू द्यायची नाही, आणि त्याने व्हॅल्माचा अधिकच जळफळाट व्हायचा.

एके दिवशी हंगामाचे शेवटचे ट्रॅक्टर रस्त्याने जात असताना व्हॅल्माने शेजाऱ्याकडून टोपलीभर बदकाची अंडी आणली आणि स्वतःच्या स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. कात्री काय, तिच्याही घरात होती.

पहिलं अंडं कापड चिकटवतानाच फुटलं. म्हणजे कापड नीट बसेना म्हणून तिने दाबलं आणि ते गेलं. दुसऱ्यावर चुण्या पडल्या. तिसरं वाळताना तडकलं. आतला ऐवज वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे क्लेमला सकाळ-संध्याकाळ बदकाच्या अंड्यांची भुर्जी मिळू लागली.

"व्हॅल," तो एकदा काटा खाली ठेवून म्हणाला, "मी आता पोहायला लागेन."

"मेटवुर्स्ट सॉसेज आहे की त्यात."

"बदकाला मेटवुर्स्ट लागत नाही."

ती हसली नाही. तिच्याजवळची जुनी कापडं संपत आली होती. चिंध्यांच्या पिशवीतून एक धुऊन धुऊन रंग उडालेला, निळसर पट्ट्यांचा जाड तुकडा निघाला. भांडी पुसायला घेतलेला. तिने तोच कापला. सरळ कापला, आईसारखा. हे कापड दणकट होतं, तिच्या हाताला पुरून उरलं. चिकटलं. चहा दिला, पॉलिश दिलं, आणि मग पॉलिश पेपर घेऊन ती घासायला बसली. घासताना तिच्या डोळ्यांपुढे आईचा तो अंगठा होता, पुन्हा पुन्हा फिरणारा. ती घासत गेली. थांबायला हवं होतं तिथे थांबली नाही. पट्टे विरले, कापड जागोजागी जाळीदार झालं, एका ठिकाणी नुसते उभे धागे उरले आणि त्याखालून अंड्याचं कवच हाडासारखं दिसू लागलं. एका बाजूला कवचाला बारीक पोचा आला, पण कापडाने ते धरून ठेवलं.

भानावर आल्यावर तिला वाटलं, हेही गेलं. तिने ते खिडकीपाशी नेलं. आणि खिडकीतल्या उजेडात फिरवून फिरवून बघितलं. ते अंडं जुनं दिसत नव्हतं, ते जुनं होतं. आईचं कुठलंच, आणि कोरलीचं तर नाहीच नाही, इतकं खरं उतरलं नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी बायका फांदी सजवायला हॉलमध्ये जमल्या. एल्साला खोकला होता म्हणून ती आली नव्हती. कोरलीची अंडी खोक्यातून एकेक निघत होती आणि प्रत्येकाला 'अगं बाई' मिळत होतं. व्हॅल्माने आपलं अंडं रुमालात गुंडाळून आणलं होतं. तिने ठरवलं होतं की गुपचूप मधोमध टांगायचं, आणि कुणी विचारलं, हे कुणाचं, की मग सांगायचं. ती हे मनात इतक्यांदा बोलली होती की तिला सगळ्यांचे चेहरेही दिसत होते.

तिने ते टांगलं आणि विचारलं कुणी, तर हुल्डा मावशीने. हुल्डा ही एल्साची थोरली बहीण, नव्वदीला आलेली, जवळजवळ बहिरी, पण नजर अजून घारीची. ती खुर्चीतून उठली, काठी टेकत फांदीपाशी आली आणि अंड्याला नाक लावून उभी राहिली.

"हे आजीचं," ती ओरडली. बहिरी असल्यामुळे ती नेहमी ओरडूनच बोलायची. "हे एर्नेस्टीन आजीचं अंडं! पेटीतलं! ह्याला इथे पोचा होता, मला आठवतोय. उंदरांनी सगळी नाही खाल्ली तर!"

हॉलमध्ये सगळं थांबलं. बायका गोळा झाल्या. "कुणी आणलं? व्हॅल्मा, तू? कुठे मिळालं ग?"

आता खरं बोलायचं होतं. पण समोर कोरली उभी होती, स्वतःची दोन देखणी अंडी हातात तशीच धरून, आणि तिचा चेहरा पडला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा. व्हॅल्माने तो चेहरा बघितला आणि तिच्या तोंडून शब्द गेले, "कोठारात. छपराच्या वाशावर एक डबा होता."

"व्हॅल," कोरली म्हणाली, "ह्याच्यापुढे माझी अंडी म्हणजे नाटकातल्या म्हाताऱ्या ग. पीठ लावून पिकवलेल्या केसांच्या."

त्या रात्री व्हॅल्माला गाढ झोप लागली.

रविवारी पास्टरने प्रवचनात त्या अंड्याचा उल्लेख केला. समुद्र ओलांडून आलेलं, अंधारात राहिलेलं, पुन्हा उजेडात आलेलं, असं बरंच काही बोलला. प्रार्थनेनंतर लोक रांगेने हॉलमध्ये गेले. व्हॅल्मा दाराशी उभी होती. "काय हात असेल त्या बाईचा!" लोक म्हणत होते. "आताच्या बायकांना असलं जमायचं नाही. किती नाजूक काम!"

नाजूक! व्हॅल्माला ओरडावंसं वाटलं. तिच्या जड हाताचं काम होतं ते. पण कौतुक सगळं एर्नेस्टीनच्या पदरात पडत होतं. एर्नेस्टीन केव्हाच मेलेली आणि तिने या अंड्याला बोटही लावलेलं नव्हतं.

दुपारी डड्लीने ते अंडं एल्साकडे नेलं. व्हॅल्मा मागोमाग गेली. आता आईला कळेल, तिला वाटलं. आईच्या बोटांना कळणार नाही असं कसं होईल? एल्साने ते ओंजळीत घेतलं. कापऱ्या बोटांनी उघडे धागे चाचपले, पोचा चाचपला. मग ते गालाला लावलं. कोरड्या डोळ्यांची ती बाई, नवऱ्याच्या दफनालाही न रडलेली, लहान मुलीसारखी मुसमुसायला लागली.

"मला वाटलं होतं मीच मनाने रचलंय," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, तशी अंडी नव्हतीच कधी."

तो सबंध आठवडा एल्सा ते अंडं मांडीवर घेऊन बसली आणि आजीबद्दल बोलली. एर्नेस्टीन कशी चालायची, एर्नेस्टीन पावावर चरबी कशी लावायची, एर्नेस्टीनचा हात कसा पिसासारखा हलका. व्हॅल्माला आईच्या तोंडून एवढं बोलणं जन्मात ऐकायला मिळालं नव्हतं, आणि त्यात तिचं नाव एकदाही येत नव्हतं. 'व्हॅल्माने शोधलं' एवढंसुद्धा नाही. जिवंत भावजयीचा हेवा निदान सोसता येत होता. तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवता येत होती. या मेलेल्या बाईला कशावरून नावं ठेवायची?

गुरुवारी ती निघाली तेव्हा कोरली मागून ओट्यावर आली. मागचं दार ओढून घेतलं.

"व्हॅल, ते अंडं तू केलंयस."

"काहीतरीच."

"तो पट्टा माझ्या बाबांच्या दुकानातला आहे. गाद्यांच्या आत लावायचे ते कापड. मीच तुला दिलं होतं, भांडी पुसायला. उन्हाळ्यात. आठवतंय?"

व्हॅल्माला आठवलं. तिचे कान तापले. म्हणजे यातही कोरलीच. कापडसुद्धा कोरलीचं.

"मग सांग जाऊन सगळ्यांना," ती म्हणाली. "तुला बरंच वाटेल."

"मला नाही काही सांगायचं. तुझं तू बघ." कोरली जरा घुटमळली. मग एकदम, अगदी वेगळ्या आवाजात, "पण केलंस कसं ग? मी तीनदा करून बघितलं. माझं पुसट होतं, पण विरत नाही. काय लावलंस त्याला?"

व्हॅल्माने तिच्याकडे बघितलं. कोरलीच्या डोळ्यांत होतं ते तिने आरशात अनेकदा पाहिलेलं होतं. क्षणभर तिला फार आनंद झाला.

"काही लावलं नाही," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

गुड फ्रायडेला प्रार्थनेनंतर ती आईजवळ बसली होती. डड्ली नि कोरली घराबाहेर होते. एल्सा अंड्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "असा हात पुन्हा होणे नाही. आपल्या घरात आता तो कोरलीकडे थोडासा आहे."

"मी केलंय ते!" व्हॅल्मा उठून उभी राहिली. "तुझ्या आजीने नाही, कोरलीने नाही, मी! माझ्या टेबलावर, भांडी पुसायच्या फडक्याचं! डबा नव्हता, वासा नव्हता, काही नव्हतं!"

एल्साचा अंगठा थांबला. व्हॅल्मा वाट बघत होती. कसली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित आई म्हणेल, तू? इतकं छान?

"पाच दिवस मला माझी आजी मिळाली होती," एल्सा म्हणाली. "तेवढी तरी राहू द्यायची होतीस."

तिने अंडं टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

घरी येऊन व्हॅल्मा रडली तेव्हा क्लेम तिच्याजवळ येऊन बसला. सगळं ऐकून घेतलं. "आईला सांगितलंस," तो म्हणाला, "आता गावालाही सांगून टाक. अर्धवट उपटलेली वेल पुन्हा फुटते."

ईस्टरच्या सकाळी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये कॉफी नि केक होता. डड्लीने ते अंडं परत आणून फांदीवर टांगलं होतं. व्हॅल्मा फांदीपाशी उभी राहिली आणि जेवढ्या मोठ्याने बोलता येईल तेवढ्या मोठ्याने म्हणाली, "त्या अंड्याबद्दल मी खोटं बोलले. ते जुनं नाही. ते मी केलंय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एक-दोघी हसल्या. पास्टर कपबशी सावरत म्हणाला, "व्हॅल्मा, आज सणाच्या दिवशी…" हुल्डा मावशीला कुणीतरी कानात ओरडून सांगितलं, तशी ती काठी आपटून गरजली, "हिने केलं? हिने? अगं, तो पोचा मी सहा वर्षांची असताना बघितलाय!"

आणि मग कुजबुज सुरू झाली, ती व्हॅल्माला शब्दन् शब्द ऐकू आली. बिचारी. कात्री भावजयीला गेली ना, ते डोक्यात गेलंय. आता पणजीच्या कामावरही स्वतःचं नाव लावायला निघालीय. काय हा हेवा!

जे कुणी कधी म्हटलं नव्हतं ते आता अख्खा हॉल म्हणत होता. आणि तिने गावाला पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं. ती तशीच उभी राहिली, चेहरा लालबुंद. क्लेमने तोंड उघडलं, पण नवऱ्याच्या साक्षीला कोण विचारतो?

"तिनेच केलंय."

कोरली होती. हातातली केकची बशी तशीच धरून ती खुर्चीवर चढली. "ते कापड माझ्या बाबांच्या दुकानातलं आहे. पोर्ट पिरीचं. पट्ट्याच्या काठाला लाल दोरा असायचा, तो खालच्या टोकाला अजून दिसतोय, या, बघा. एर्नेस्टीन आजी काही माझ्या बाबांकडे गादी शिवायला आली नव्हती. व्हॅलने केलंय, आणि मला तसं करता येत नाही. झालं?"

लोक फांदीपाशी गेले. कुणीतरी चष्मा काढून बघितलं. लाल दोरा होता.

मग बोलणं हळूहळू केककडे वळलं. दोघी-तिघी व्हॅल्मापाशी येऊन "छान जमलंय हो" म्हणाल्या, पण ते नाटक संपल्यावरच्या टाळ्यांसारखं, अर्धं मन कोट शोधण्यात असलेलं. खोट्या अंड्याला जेवढं कौतुक मिळालं होतं त्याच्या चौथाईही खऱ्या व्हॅल्माला मिळालं नाही. आणि जे मिळालं ते कोरलीच्या शब्दावर. घरी जाताना गाडीत ती क्लेमला म्हणाली, "तिने बोलायला नको होतं."

"मग?"

"मग काय. नको होतं."

"बरं," क्लेम म्हणाला आणि गिअर बदलला.

हुल्डा मावशीने मात्र कधीच मानलं नाही. पुढे वर्षभराने ती गेली, तोवर भेटेल त्याला सांगत राहिली की लाल दोरा मागाहून ओवलाय.

एल्सा लेकीशी बरेच दिवस कामापुरतंच बोलली. हिवाळ्यात, वेलींची छाटणी चालू असताना, व्हॅल्मा सूप घेऊन गेली होती. एल्साला तेव्हा जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तिने विचारलं, "ते अंडं कुठे ठेवलंत?"

"कपाटात आहे."

"आण."

व्हॅल्माने आणून दिलं. एल्साने ते दोन्ही हातांत घेतलं. "कुणाचं आहे ते सांगू नकोस," ती म्हणाली. "बस इथे." व्हॅल्मा बसली. सूप गार होईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.

पुढल्या वर्षी टेबल मांडलं तेव्हा एल्सा चुलीपाशी खुर्चीत होती आणि कापायला कोरली बसली. व्हॅल्मा अंडी फुंकत होती, खळ ढवळत होती. चहाचा डाग वाळल्यावर कोरलीने पॉलिश पेपरचा तुकडा तिच्यापुढे सरकवला.

"दाखव ना," ती म्हणाली. "गेल्या वर्षी विचारलं तर पळालीस."

व्हॅल्माने थोडा वेळ खळच ढवळली. मग उठून कोरलीच्या मागे गेली, तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला.

"एवढं?" कोरली म्हणाली.

"अजून."

"व्हॅल, फुटेल."

"अजून. आपल्याला ज्याचा राग येतो ते आठवायचं."

कोरलीने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि खालचा ओठ दाताखाली धरून जोर लावला. कापड विरायला लागलं, पट्टे फिके झाले, आणि मग काडकन आवाज होऊन अंड्याचा चुरा दोघींच्या बोटांत आला.

व्हॅल्माला बरं वाटलं. अगदी आतून, पोटातून बरं वाटलं; ते तिला लपवता आलं नाही आणि कोरलीलाही ते दिसलं.

"हलकट," कोरली म्हणाली आणि हसायला लागली. चुलीपाशी एल्साने विचारलं, "काय फुटलं?"

"काही नाही, आई," दोघीही म्हणाल्या. व्हॅल्माने टेबलावरचा चुरा ओंजळीत गोळा केला, टोपलीतून दुसरं अंडं उचललं, कानाशी धरून हलवून बघितलं आणि कोरलीच्या पुढ्यात ठेवलं.